घामाचं वजन

प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नाही. लावला की आप्पा, माझे वडील, पाठीत धपाटा घालायचे. सात वर्षांची असताना मी पाच ग्रॅमचं पितळी वजन चिमटीत उचललं होतं, त्याचा धपाटा अजून आठवतो. "घाम चढतो त्याला," आप्पा म्हणाले. "आता हे पाच ग्रॅम न्हाई राहिलं. पाच ग्रॅम आणि वर थोडी त्रिशला झालं."

आप्पांचं मिरजेत तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. सरकारी परवान्याचं. किराणावाल्यांचे काटे, सोनारांचे नाजूक तराजू, गुळाच्या अडत्यांचे वजनकाटे, सगळे त्यांच्याकडे यायचे. दिवसभर कानशीनं पितळ घासायचं, शिसं ओतायचं, पारडी समतोल करायची. कोपऱ्यात मखमलीच्या पेटीत, बाकीची वजनं ताडून बघायला, प्रमाण वजनं असत, ती फक्त चिमट्यानं उचलायची. दुसरा नियम काट्याचा. काटा पुरता थांबल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. या दोन नियमांवर आप्पांनी चाळीस वर्षं काढली आणि मला वाढवलं.

मी पुढे सरकारी परीक्षा देऊन वैधमापन निरीक्षक झाले. लोकांच्या तोंडी 'वजनमापाच्या बाई'. आप्पांचा नियम मी स्वतःलाही लावून घेतला. दुकानदार आवाज चढवो, चहा पुढे करो, कुण्या साहेबाचं नाव सांगो, माझी नाडी बहात्तरच्या वर जात नसे. ऑफिसातले लोक पाठीमागे मला 'बर्फाची लादी' म्हणत. ते मला कळलं तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. आधीच सांगून टाकते, घात त्या थंडपणानंच केला.

दोन हजार एकेचाळीस सालापर्यंत मिरजेतली औषधांची छोटी दुकानं जवळजवळ मिटली होती. दवाखान्यांच्या गल्लीत एक मोठं साखळी दुकान उरलं होतं. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. सगळं गाव त्याला निळं मेडिकल म्हणतं, मीही तेच म्हणेन. तिथं काउंटर नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाराशी दाखवायची की तुमच्या औषधाच्या कप्प्याचं झाकण उघडतं. कप्प्याखाली तळहाताएवढी पाटी, पाटीवर भाव. तुम्ही खोका उचलला की त्या क्षणी पाटीवर जो आकडा असेल त्याचं बिल तिथंच छापून बाहेर येतं.

नव्या दरपारदर्शकता कायद्याचा गाभाच तो होता. दिसेल तोच भाव. मागून वाढणारे आकार बंद, छुपं शुल्क बंद. मी स्वतः चार वर्षांत त्या दुकानात दोनशेच्या वर चाचणी खरेद्या केल्या. ताप, खोकला, मलम, साखरेच्या गोळ्या. पाटी आणि बिल एका पैशानं चुकलं नाही. खोक्यावरची छापील कमाल किंमत नेहमी कितीतरी वर असायची आणि पाटीवरचा भाव तिच्यापेक्षा खूप कमी. गिऱ्हाईक खूश, कायदा खूश. दारापाशी चौकटीत माझ्या सहीचं प्रमाणपत्र लटकत होतं. येताजाता ते बघायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रुक्साना बागवान ऑफिसात आली. लक्ष्मी मार्केटच्या बाजूला तिची चिकू-केळ्यांची गाडी. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट येतात.

"मॅडम, मला गोळ्या अकरा हजाराला पडतात," ती म्हणाली. "दीर गेला की तीन हजाराला. दुकान तेच, गोळी तीच. असं कसं हो?"

मी तिला घेऊन तिथं गेले. दोघी एका पाटीसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

"किती दिसतंय?" मी विचारलं.

"अकरा हजार दोनशे."

मला तीन हजार पन्नास दिसत होते. लख्ख. मी फोटो काढला, फोटोतही तीन हजार पन्नास. मी तो तिला दाखवला. ती एकदा फोटोकडे, एकदा पाटीकडे बघत राहिली.

"ताई, डोळे तपासून घ्या," मी म्हणाले.

आणि फायलीत लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' खाली सही. वळणदार.

त्या दिवाळीनंतर आप्पांचा खोकला सुरू झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, थंडीचे दिवस, मी काढा करून दिला. मग जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसायला लागले. डॉक्टरांनी छातीची चित्रं पडद्यावर लावली आणि पांढऱ्या जाळीवर बोट ठेवलं. फुप्फुस आतून घट्ट होत चाललं होतं. चाळीस वर्षांचं पितळ आणि शिसं श्वासातून आत गेलं होतं, ते आता वर आलं.

"रोज दोन गोळ्या," डॉक्टर म्हणाले. "एकही दिवस चुकवायचा नाही. गोळ्या चालू आहेत तोवर हे इथंच थांबेल. खाडा झाला की जेवढं घट्ट होईल तेवढं परत मिळत नाही."

घरात आम्ही दोघंच. आई मी कॉलेजात असताना गेली. माझं लग्न झालं आणि मोडलंही, त्याला वीस वर्षं झाली. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आप्पा गेले की दार उघडायला घरात कुणी नसेल. आप्पा मात्र बाहेर बाकावर बसून एका पोरीच्या हातातलं खेळण्यातलं वजनयंत्र उलटं करून बघत होते.

औषध मिरजेत फक्त निळ्या मेडिकलमध्ये मिळत होतं. दहा दिवसांचा खोका, छापील किंमत अठरा हजार. मी पाटीसमोर उभी राहिले. नऊ हजार सातशे. महाग औषध आहे, मी स्वतःला म्हटलं, आणि उचललं. दहा दिवसांनी अकरा हजार नऊशे. त्यानंतर तेरा हजार चारशे. भाव चढतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी गॅरेजवाल्याला गाडी विकून टाकली आणि आप्पांना सांगितलं, चालणं तब्येतीला चांगलं.

तो खोका संपायला दोन दिवस असताना मी ऑफिसातून आले, तर आप्पा दारातल्या खुर्चीत धापा टाकत बसलेले. मांडीवर निळी पिशवी.

"एकट्यानं गेलात? मला सांगायचं नाही?"

"घरात बसून गंज चढतोय मला. गेलो हळूहळू. आलो की."

आमच्या घरात कुणी काही आणलं की पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात. तो तोंडात आपोआप येतो, रागातसुद्धा.

"केवढ्याला?"

"बत्तीसशे."

मी पिशवीतून बिल काढलं. तीन हजार दोनशे. तेच औषध, तीच ताकद, तोच वीस गोळ्यांचा खोका. मी बिल उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. कानात ठोके ऐकू यायला लागले आणि त्या ठोक्यांतून मला रुक्सानाचा आवाज ऐकू आला. दुकान तेच, गोळी तीच.

मी तशीच लक्ष्मी मार्केटला गेले. रुक्साना चिकू रचत होती. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"मला पण दिसलं," मी म्हणाले. "मला तेरा हजार, वडिलांना बत्तीसशे. त्या दिवशी मला तीन का दिसले असतील, तुम्हाला काय वाटतं?"

तिनं एक चिकू दाबून बघितला आणि बाजूला ठेवला.

"त्यात काय मॅडम. तुमास्नी ते औषध नको होतं. मला पाहिजे होतं."

मी चिकूंकडे बघत विचारलं,

"मुलगी कशी आहे?"

"अर्धी गोळी देते आता. दीर गुजरातला गेला कामाला. गेल्या महिन्यात दोनदा पडली. दात लागले जिभेला." तिनं कपाळावरचा पदर मागं सारला. "तुम्ही फायलीत लिवलं ना, तथ्य नाही म्हणून. ते दुकानवाल्यानं मला वाचून दाखवलं."

दुसऱ्या दिवशी मी त्या पाट्यांच्या मंजुरीची फाईल काढली. त्यावरही माझीच शिफारस होती. आता जे वाचलं ते तेव्हाही वाचलं होतं, पण तेव्हा मला ते निरुपद्रवी वाटलं होतं.

पाटीत दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे तिचा पडदा. साध्या पडद्याचा प्रत्येक ठिपका चहूकडे एकच प्रकाश फेकतो, म्हणून खोलीतल्या सगळ्यांना एकच चित्र दिसतं. या पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यावर बारीक भिंगांचा थर होता. तोच ठिपका डावीकडच्या डोळ्यांकडे एक प्रकाश पाठवतो आणि उजवीकडच्या डोळ्यांकडे दुसरा. एका पाटीसमोर दहा माणसं उभी असली तर दहा वेगळे आकडे दाखवता येतात. कंपनीनं लिहिलं होतं, प्रत्येक ग्राहकाला आपल्या भाषेत भाव वाचता यावा यासाठी. किती छान, मी तेव्हा समासात लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आतली नखाएवढी रडारची चकती. माणूस समोर आला की पाटी उजळावी, गेला की विझावी, वीज वाचावी, यासाठी. पण हे रडार इतकं बारीक असतं की माणूस आला हे त्याला कळतंच, शिवाय त्याची छाती श्वासाबरोबर किती हलली आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडी केसाच्या जाडीपेक्षाही कमी कशी थरथरली, तेही कळतं. अंगाला हात न लावता, कपड्यांवरून, दोन हातांच्या अंतरावरून. दवाखान्यात बाळांचे श्वास असेच मोजतात. हे ठोके आणि ही चिठ्ठी एकत्र केली की यंत्राला हवं ते सगळं मिळतं. या माणसाला हे औषध किती हवं आहे आणि न मिळण्याची त्याला किती भीती आहे. त्या भीतीचा भाव लावायचा, फक्त छापील किमतीच्या आत राहायचं. कॅमेऱ्याला ठोके नसतात, म्हणून फोटोत सर्वांत स्वस्त भाव येतो.

आणि मला कधीच काही नको होतं. चाचणी खरेदीचा माल संध्याकाळी ऑफिसच्या कपाटात जमा व्हायचा. दोनशे वेळा मी त्या यंत्रासमोर कोरडं, थंड प्रमाण वजन होऊन उभी राहिले आणि त्यानं दोनशे वेळा मला खरं वजन दाखवलं. ज्यांच्या हाताला घाम होता ते सगळे माझ्या सहीखाली लुटले जात होते.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पाट्या आता दुधाच्या दुकानात होत्या, भाजीच्या मॉलमध्ये होत्या, शाळेच्या गणवेशाच्या दुकानातही आल्या होत्या. कुठल्या पाटीत काय आहे मला माहीत नव्हतं. मी दूध घ्यायला उभी राहिले की पाटी माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं. मी श्वास रोखायचे. रोखला की छाती आणखी धडधडायची. आकडा वाढला की काय म्हणून मी डोळे बारीक करून बघायचे आणि खरंच वाढला आहे की मला भास होतोय, हे कळायचं नाही. घरी येऊन मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचे. शहाण्णव. एकशे चार. बर्फाच्या लादीचं पाणी झालं होतं.

आणि एक सोपी वाट समोर होती, हे लपवणार नाही. गप्प बसायचं. औषध आणायला आप्पांनाच पाठवायचं. आप्पांना भीती वाटत नव्हती. आपल्या आयुष्याबद्दल ते दुकान बंद करायच्या वेळेसारखं बोलायचे, हत्यारं पुसून झाली, आता शटर ओढायचं. मंदिरात जाऊन आले की प्रसन्न असायचे. त्यांना पाटी बत्तीसशेच दाखवणार होती. ते जिना उतरू शकतात तोवर औषध स्वस्त होतं, आणि औषध होतं तोवर ते जिना उतरू शकत होते. मला याहून जास्त काय हवं होतं?

दोन आठवडे मी गप्प बसले. शेवटी जेवताना सगळं सांगितलं, रुक्सानाच्या मुलीच्या जिभेसकट.

आप्पांनी घास खाली ठेवला.

"काटा खोटा हाय हे कळल्यावर दुकान उघडं ठेवलं, तर तो काटा तुझा."

"आप्पा, प्रकरण केलं तर ते पाट्या बदलतील, औषध बंद करतील, काहीही करतील. तुमचं बत्तीसशे जाईल."

"जाऊ दे की."

"कुठून आणू मी महिन्याला चाळीस हजार? आणि नाही आणले तर तुम्ही..."

"गप," आप्पा म्हणाले. "जेव आधी."

कायद्यात एक कलम होतं. शरीराच्या खुणा मोजून भाव ठरवणं हा गुन्हा. पण पुरावा कडक होता. माणूस तोच, माल तोच, जागा तीच, मधे काही मिनिटांहून जास्त वेळ नाही, आणि तरी भाव वेगळा, तोही बिलावर. दोन माणसांची दोन बिलं चालत नाहीत. एकाला सवलत दिली, एकाला नाही दिली, असं दुकान म्हणू शकतं. मी ठरवलं की तो माणूस मी होईन. एक खोका घाबरलेली असताना उचलायचा, मग मन शांत करायचं आणि दुसरा उचलायचा. वीस वर्षं शांत राहण्याचाच पगार घेतला होता. एवढं जमायला हवं होतं. आप्पांना चिठ्ठीचे मालक आणि तक्रारदार म्हणून बरोबर घेतलं. नात्यातला माणूस पंच म्हणून चालत नाही, तक्रारदार म्हणून चालतो.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही निळ्या मेडिकलमध्ये शिरलो. पंच म्हणून दोघे रस्त्यावरून घेतले. निवृत्त मुख्याध्यापक पाटणे सर आणि रिक्षावाले गनी शिकलगार. दुकानाचा व्यवस्थापक इंगळे, तिशीतला, गुळगुळीत बोलणारा. त्यानं आप्पांना दारापाशी खुर्ची दिली, बरोबर माझ्या प्रमाणपत्राखाली.

झाकण उघडलं. मी दोन्ही पंचांना विचारलं. दोघांनाही तीन हजार दोनशे दिसत होते. त्यांना त्या औषधाशी काय घेणंदेणं?

मला चौदा हजार एकशे दिसत होते.

एवढं घाबरणं पुरे, आता शांत व्हायचं, असं मी ठरवलं. पहिला खोका उचलायच्या आधीच शांत होऊन बघावं, जमतं का. डोळे मिटले. शंभरपासून उलटे आकडे मोजले. आप्पांचं दुकान आठवलं, मखमलीची पेटी, थंड चिमटा. मागे आप्पा खोकले. कोरडा, लांबलेला खोकला, मधे श्वास घ्यायला जागा नसलेला. मी डोळे उघडले तेव्हा चौदा हजार तीनशे झाले होते. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. चौदा हजार चारशे. शांत व्हायची धडपडही त्या पाटीला कळत होती. माझे हात ओले झाले आणि मी फळीची कड धरली.

"मॅडम, पंचांना तीन हजार दोनशे दिसतंय," इंगळे मऊ आवाजात म्हणाला. "तुमच्याच फोटोतही तेवढंच येईल. तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा."

माझेच शब्द होते ते. त्याला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. मला वाटलं, संपलं सगळं. पंचनाम्यात 'तथ्य आढळले नाही' लिहायचं आणि घरी जायचं. खोका मात्र घ्यावाच लागणार होता, चौदा हजाराला, आणि दहा दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सरक," आप्पा म्हणाले. "औषध माझं हाय. मी घेतो दोन."

"आप्पा, नको. तुम्हाला दोन्ही वेळा बत्तीसशेच दिसतील. काही उपयोग नाही."

"बत्तीसशेला दोन मिळाले तर वाईट काय? वीस दिवस निघतील."

मला थोडं हसू आलं असावं, कारण पाटणे सरही हसले. आप्पा पाटीसमोर उभे राहिले. वजन बघताना वाकायचे तसे वाकले आणि मोठ्यानं वाचलं, "तीन हजार दोनशे." खोका उचलला. बिल बाहेर आलं. तीन हजार दोनशे, अकरा वाजून चोवीस मिनिटं. शिकलगारांनी ते हातात घेतलं.

आप्पांनी दुसऱ्या खोक्याकडे हात नेला आणि श्वास घ्यायला थांबले. थांबले आणि मागं वळून माझ्याकडे बघितलं.

माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. मी फळी धरून उभी होते, घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता, तोंडानं श्वास चालू होता. आप्पांनी मला असं कधीच पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी स्वयंपाक केला होता. लग्न मोडून घरी आले तेव्हा दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले होते. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि आजवर त्यांना जे कळलं नव्हतं ते तिथं त्यांना कळलं. शटर ओढून ते निघून जाणार होते, आणि बाहेर मी उभी राहणार होते.

"त्रिशला," ते हळूच म्हणाले. "अगं."

मग ते पाटीकडे वळले.

"तीन हजार सहाशे," त्यांनी वाचलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच नवीन वाटला असावा, ते थबकले. "चार हजार नऊशे."

इंगळे पुढे आला. शिकलगारांनी त्याच्या छातीवर आडवा हात ठेवला. "थांबा की. साहेब वाचालेत न्हवं?"

"सात हजार. सात हजार आठशे."

"आप्पा, उचला!" मी ओरडले. "पुरे झालं! पुरावा झाला, उचला आता!"

आप्पांनी मान हलवली. त्यांचा हात खोक्यावर होता, पण ते उचलत नव्हते. मला कळलं ते का थांबलेत, आणि मला रडू फुटलं. काटा थांबला नव्हता. काटा थांबल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी वजन घेतलं नव्हतं.

"दहा हजार दोनशे," आप्पा वाचत होते. "बारा हजार. तेरा हजार सातशे." मधे श्वास अडकला, पण डोळे पाटीवरून हलले नाहीत. पंचांना अजून तीन हजार दोनशेच दिसत होते आणि ते पाटी सोडून आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. "चौदा हजार चारशे."

मग त्यांनी मोठ्यानं वाचणं सोडलं, आकडा मात्र अजून हलत असावा. तो थांबल्यावर त्यांनी मनात तीन मोजले असणार, दुकानात मोजायचे तसे.

"थांबला," ते म्हणाले आणि खोका उचलला.

बिल बाहेर आलं. वेळ अकरा वाजून सव्वीस. माणूस तोच, माल तोच, जागा तीच, मधे दोन मिनिटं. पाटणे सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि पंचनाम्यावर सही केली.

खटला उभा राहिला आहे. तारखा पडताहेत. पाट्या अजून तशाच आहेत, माझं प्रमाणपत्र मात्र मी त्याच दिवशी उतरवून आणलं. रुक्सानाची फाईल पुन्हा उघडली आहे. औषध अजून तिथूनच आणावं लागतं आणि आप्पांना परत कधी बत्तीसशे दिसले नाहीत. आता ते रात्री दोनदा उठून माझ्या खोलीत डोकावतात. शटरची गोष्ट त्यांनी सोडून दिली आहे.

त्या सकाळी शिकलगारांनी सही करता करता मला विचारलं होतं, "बाई, तुमास्नी आता कितीला दिसतंय?" मी पाटीकडे पाहिलं. मला चौदा हजार चारशे ऐंशी दिसत होते. मग मी आप्पांचं दुसरं बिल हातात घेतलं, पंचनाम्यात चिकटवायला. त्यावर चौदा हजार पाचशे होते. माझ्याहून वीस रुपये जास्त.